विमानानं पावसाळे कुठे काढले, ते आधी विचारा

कोल्हापुरातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आम्ही दहा-बारा जण आहोत. निम्म्यांकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, बाकीच्यांना शिकायचंय. लहानसा फ्लाइंग क्लब काढून एक जुनं हलकं विमान घ्यायचं आणि ते उजळाईवाडीच्या विमानतळावर ठेवायचं असा बेत आहे. समोर एक पुष्पक आलंय, ते बरीच वर्षं उभं आहे. एक सेसना १५० आलीय, ती अधूनमधून उडते. आणि एका सदस्याच्या डोक्यात टायगर मॉथ नाहीतर पायपर कब बसलंय. यातलं चांगलं कुठलं?

मी पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलेला माणूस आहे. त्यामुळे हे उत्तर स्टिक धरणाऱ्याचं नाही, पाना धरणाऱ्याचं आहे. वैमानिक मंडळींनी त्यात आपली भर जरूर घालावी.

सगळीच विमानं आपापल्या जागी उत्तम होती, त्यामुळे ‘चांगलं कुठलं’ यात फारसं काही नाही. तुम्ही विचारायला हवं ते हे, की विमान घेतल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला यातलं कुठलं उडत असेल आणि कुठलं ताडपत्रीखाली असेल? लहान क्लब मोडतात ते बहुतेक एकाच वाटेनं. एका सुट्या भागासाठी विमान चार महिने अडकतं, सदस्य वर्गणी थकवतात, पैसे नाहीत म्हणून वार्षिक तपासणी लांबते, आणि तोवर उभ्या इंजिनाला आतून गंज धरतो. मग ते काढून टाकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा ही वाट कुठल्या विमानात सगळ्यात लांब पडते, ते पाहून निवड करा.

आता कोल्हापूरचं. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २००० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ३८ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ती पाच हजार फुटांच्याही वरची हवा असते. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. टर्बोचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे सेसनाचं १०० अश्वशक्तीचं इंजिन त्या दुपारी ८५ वर येतं, पुष्पकचं ९० चं ७६ वर आणि कबचं ६५ चं जेमतेम ५५ वर. सेसना १५० च्या पुस्तकात समुद्रसपाटीला जमिनीवरची धाव ७३५ फूट दिलीय, पाच हजार फुटांवर १,११५. चढण्याचा वेग मिनिटाला ६७० फुटांवरून ४४० वर उतरतो. आणि हे आकडे नव्या इंजिनाचे, नव्या प्रोपेलरचे आणि कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाचे आहेत.

आपली धावपट्टी आता १९०० मीटरच्या पुढे गेलीय, त्यामुळे जमीन सुटेल का याची काळजी नाही. काळजी त्यानंतरच्या चढाची आहे. पश्चिमेला पन्हाळा-ज्योतिबाचे डोंगर तीन हजार फुटांच्या वर आहेत, आणि उन्हाळ्यात दुपारी तिकडे उठणारे हवेचे झोत या वजनाच्या विमानाला मिनिटाला दोन-तीनशे फूट सहज खाली ढकलतात. त्यामुळे क्लबचा एक नियम आजच लिहून ठेवा: मार्च ते मे या काळात उड्डाण सकाळी दहाच्या आत किंवा थेट संध्याकाळी. हा नियम पाळणार असाल तर १०० अश्वशक्तीत भागतं. पाळणार नसाल तर तिन्ही पर्याय बाजूला ठेवून दीडशे अश्वशक्तीचं काहीतरी बघा.

वजनाचा हिशेब तर लोक घरी करतच नाहीत. अमेरिकन पुस्तकं माणूस १७० पौंडांचा, म्हणजे ७७ किलोचा धरतात. आपल्याकडचा सरासरी सदस्य वजनकाट्यावर किती भरतो ते मी बोलत नाही, तुम्ही गुपचूप मोजून घ्या. सेसना १५० चं कमाल वजन १,६०० पौंड, म्हणजे ७२५ किलो. रेडिओ, जादा वायरिंग, दोनदा चढवलेला रंग धरून जुनं विमान रिकामं ५२० किलोच्या आसपास भरतं. उरले २०५. त्यात ८५ किलोची दोन माणसं बसली की ३५ किलो उरतात, म्हणजे जेमतेम ५० लिटर पेट्रोल. तासाला २२ लिटरच्या हिशेबानं सव्वादोन तास, आणि राखीव काढून दीड-पावणेदोन. सर्किट मारायला आणि कराडला जाऊन यायला एवढं पुरतं. पण ‘टाकी फुल्ल करून दोघं गोव्याला’ हे कागदावरच राहतं. म्हणून विक्रेत्याकडे पहिल्यांदा ताजा वजन-अहवाल मागा. जाहिरातीतलं रिकामं वजन कारखान्यातलं असतं.

पुष्पकबद्दल मला माया आहे, हे आधीच सांगतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेलं हे विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं, आणि त्यामागे डॉ. व्ही. एम. घाटगे होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस. दीडशेच्या वर पुष्पक बनली आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून एक अख्खी पिढी त्यांच्यावर शिकली. उडवायला गोड, उतरताना सावकाश, पेट्रोलला हलकं. कोल्हापूरच्या क्लबाकडे पुष्पक असणं शोभून दिसेल यात वादच नाही.

पण त्याचं इंजिन आहे कॉन्टिनेंटल सी-९०-८एफ. हा ‘-८’ प्रकार स्टार्टर आणि जनरेटरशिवाय येतो. म्हणजे एकानं आत ब्रेकवर बसायचं आणि दुसऱ्यानं पुढे उभं राहून हातानं प्रोपेलर ओढायचा. हे शिकता येतं, मात्र क्लबातल्या प्रत्येकाला शिस्तीत शिकवावं लागतं, कारण यात चूक करणाऱ्याचा हात जातो. त्याहून मोठी अडचण अशी की जनरेटर नाही म्हणजे वीज नाही. उजळाईवाडीला आज नियमित प्रवासी विमानं येतात, टॉवर आहे. तिथे रेडिओशिवाय चालणार नाही, आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) लागेल का ते आधी विचारून घ्या. बॅटरीवरचा रेडिओ बसवता येतो, तरी तो बदलही मंजुरी घेऊनच करावा लागतो.

मग टेलव्हील, म्हणजे तिसरं चाक नाकाखाली नाही, शेपटीखाली. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे उतरल्यावर नाक जरा वळलं की शेपूट ते वळण आणखी वाढवत नेते. वेळेत पायानं आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं, एक पंख जमिनीला घासतो, प्रोपेलर वाकतो. ज्याचा हात बसलाय त्याला यात काही वाटत नाही. पण तुमच्यातले निम्मे अजून शिकायचे आहेत आणि ज्यांच्याकडे परवाना आहे ते बहुधा नोजव्हीलवर शिकलेत. क्लबचं विमान निवडताना सगळ्यात तरबेज सदस्याकडे बघायचं नसतं, महिन्यातून एकदा उडणाऱ्याकडे बघायचं असतं. विमा कंपनीही नेमकं तेच विचारते.

पुष्पकवरचं कापड आणि त्याखालचा सांगाडा हा आणखी वेगळा विषय. कापड किती वर्षांचं आहे, सुती आहे की पॉलिएस्टर, याची नोंद लॉगबुकात हवी. कापडाची ताकद मूळच्या ७० टक्क्यांखाली गेली की ते उतरवावंच लागतं, आणि सगळं कापड उतरवून पुन्हा चढवणं हे लहान क्लबच्या कुवतीबाहेरचं काम होऊन बसतं. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात पाणी शेपटीच्या टोकाला साठतं आणि नळी आतून कुजते. बाहेरून रंग तुकतुकीत दिसतो, टोकदार हत्यार लावून दाबलं की ते आत जातं. पंखात लाकडी स्पार (पंखाचा मुख्य कणा) असेल तर तिथली ओल आणि आडव्या बारीक चिरा बघायला अनुभवी डोळा लागतो. लाकूड-कापडाच्या कामावर सही करणारे एएमई (विमान देखभालीचे परवानाधारक अभियंते) आता मोजकेच उरलेत. तसा एक एएमई महिन्यातून एकदा कोल्हापूरला यायला तयार असेल आणि ते त्यानं लेखी दिलं असेल, तर पुष्पकचा विचार करा. नाहीतर करू नका, कितीही स्वस्त मिळो.

टायगर मॉथ? त्याला ब्रेक नसतात आणि शेपटीला चाकाऐवजी घसरपट्टी असते. ते गवताच्या मैदानासाठी बनलेलं विमान आहे. डांबरी धावपट्टीवर, मागे एटीआरचं प्रवासी विमान वाट बघत असताना, ते चालवणं हा छळ आहे. कबमध्ये एकट्यानं उडायचं तर मागच्या सीटवर बसावं लागतं, आणि ६५ अश्वशक्तीत आपली दोन माणसं मे महिन्यात चढणार नाहीत. दोन्ही एका श्रीमंत माणसाच्या हौसेची विमानं. क्लबची नव्हेत.

राहिली सेसना १५०. दिसायला साधी, आवाज कर्कश, आत दोघांचे खांदे एकमेकांना घासतात. पण १९५८ ते १९७७ या काळात अशी तेवीस हजारांहून जास्त बनली, त्यामुळे तिचा प्रत्येक भाग कुठे ना कुठे मिळतो आणि तिचा प्रत्येक दोष कुणीतरी आधीच शोधून लिहून ठेवलाय. धातूची आहे, नोजव्हील आहे, स्टार्टर आहे. आणि सगळ्यात तरुण १५० सुद्धा आता पन्नाशीला टेकलीय, म्हणजे जुन्याची हौसही भागतेच. तिचा एक दुर्गुण लक्षात ठेवा: फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली सोडायच्या झडपा) ४० अंशांपर्यंत उतरतात. ४० अंशांवर उन्हाळ्यात गो-अराउंड करायची, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढायची वेळ आली तर विमान चढतच नाही. क्लबनं ३० अंशांची मर्यादा स्वतःच घालून घ्यावी. पुढे १५२ काढताना कंपनीनंही तेच केलं.

१५० की १५२ असाही प्रश्न येईल. १५२ ला लायकमिंग ओ-२३५ इंजिन असतं, आजच्या १००एलएल या विमानाच्या पेट्रोलला ते जास्त मानवतं. १५० चं कॉन्टिनेंटल ओ-२०० जुन्या ८० ऑक्टेनच्या जमान्यातलं आहे. १००एलएलमध्ये शिसं चौपट असल्यानं त्याचे स्पार्क प्लग लवकर काळवंडतात आणि सारखे काढून साफ करावे लागतात. हे झालं सगळेजण सांगतात ते. माझं मत मात्र आपल्या पावसाळ्यामुळे १५० कडे झुकतं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं आणि जूनच्या दमट हवेत कॅमवर गंजाचे ठिपके पडतात. ऑक्टोबरात इंजिन सुरू झालं की तेच ठिपके टॅपेटचा पृष्ठभाग खरवडून काढतात. कॉन्टिनेंटलचा कॅमशाफ्ट खाली असतो, त्याला हा त्रास कमी. तुमचं विमान जून ते सप्टेंबर फारसं उडणार नाही हे उघड आहे, तेव्हा हा फरक महत्त्वाचा. आणि हो, ‘आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालवून ठेवतो’ हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. तेवढ्यात तेल तापत नाही, ज्वलनातून तयार झालेलं पाणी तेलातच राहतं. उडवा तर तासभर उडवा, नाहीतर प्रिझर्वेटिव्ह तेल घालून, प्रोपेलरला ‘फिरवू नये’ची पाटी लावून नीट झोपवा.

दीडशे अश्वशक्तीचं काही परवडत असेल तर सेसना १७२ किंवा पायपर चेरोकी बघायला हरकत नाही. पायपरच्या या घराण्यातल्या काही मॉडेलांना पंखाच्या मुख्य स्पारच्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी (न दिसणाऱ्या चिरा विजेनं शोधणारी) लागू झालीय. २०१८ साली अमेरिकेत वैमानिकाच्या परीक्षेच्या उड्डाणात एकाचा पंख तुटला, त्यानंतरचा हा आदेश. तुमच्या मॉडेलला तो लागू आहे का आणि तपासणी झालीय का, एवढं विचारा.

आता कोल्हापूरकरांना न आवडणारी गोष्ट. आपल्या उद्यमनगरात सांगाल तो भाग बनवून मिळतो, आणि अनेकदा मूळ भागापेक्षा सरस. मी स्वतः नोजव्हीलची बुश नमुन्याला म्हणून एका मेस्त्रींच्या हातात दिली होती. त्यांनी ती बोटांत फिरवली, मायक्रोमीटरही न लावता ‘ही ओव्हल झालीया’ म्हणाले, आणि ती खरंच झालेली होती. पण त्यांनी बनवलेली बुश विमानाला लावता येत नाही. प्रत्येक भागासोबत मान्यताप्राप्त संस्थेचं रिलीज सर्टिफिकेट लागतं, अमेरिकेतून आला तर एफएए ८१३०-३, युरोपातून आला तर ईएएसए फॉर्म १. तो कागद नसेल तर एएमई सही करणार नाही, आणि करत असेल तर तो एएमई बदला. उद्यमनगराचा उपयोग टो-बार, जॅक, शिड्या, हँगरच्या ट्रॉल्या यांसाठी मनसोक्त करा. विमान निवडताना मात्र ‘आपल्याकडे काहीही बनतं’ हे गृहीत धरू नका.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा आधी लॉगबुकं, मग विमान. विमानानं पावसाळे कुठे काढले, हा माझा पहिला प्रश्न असतो. समुद्राजवळ उघड्यावर दहा वर्षं काढलेलं आणि कोरड्या भागात हँगरमध्ये राहिलेलं, ही एकाच साली बनलेली दोन विमानं किंमतीतही बरोबरीची नसतात. मग दर वर्षी किती तास उडालं ते काढा. इंजिनाचे तास कमी आहेत याचा आनंद मानू नका. ओ-२०० ला ओव्हरहॉलची मुदत १,८०० तास आहे तशीच बारा वर्षांचीही शिफारस आहे, आणि वर्षाला पंधरा तास उडालेलं इंजिन मला नकोच. तीन-चार वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर वही मिटवा आणि चहा पिऊन घरी या.

विमानाजवळ गेल्यावर आतला गालिचा उचला, सीटच्या रुळांची भोकं लांबट झालीत का बघा, कारण टेकऑफला सीट मागे सरकल्यानं सेसनात माणसं गेलीत. शेपटीच्या पोकळीत विजेरी आणि आरसा घालून बघा. तिथे उंदराचं घरटं निघालं तर त्याखालचं अॅल्युमिनिअम खरवडून बघाच, उंदराच्या मुतानं ते भुसभुशीत होतं. रिव्हेटभोवती काळसर ओघळ म्हणजे रिव्हेट हलतोय. रंगाला किड्यांनी पोखरल्यासारख्या बारीक रेघा म्हणजे खाली गंज पळतोय. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशीनं माती भरलीय का तेही बघा; भरली असेल तर मालक विमानाकडे किती फिरकतो ते कळलं. इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी तुमच्या माणसाकडून, तुमच्यासमोर. ८० पौंड दाब दिल्यावर गेज ६० च्या खाली गेला तर हवा कुठून सुटते ते कानानं ऐका. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. व्हॉल्व्हचा एक सिलिंडर परवडतो. चारही सिलिंडरच्या रिंगा म्हणजे नवा संसार.

पेट्रोलचं आधी बघा. १००एलएल आता इंडियन ऑइल देशातही बनवते, पण ते कोल्हापूरपर्यंत पिंपातून येणार, आणि ते साठवायला परवाना, जागा, गाळणी सगळं लागेल. ‘जुन्या कॉन्टिनेंटलला गाडीचं पेट्रोल चालतं’ असं कुणी सांगेल. परदेशात ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर आणि मंजुरी घेऊन चालवतात. आपल्या पंपांवर ई-२० मिळतं; इथेनॉल जुनी रबरी सीलं खातं आणि पाणी ओढून घेतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यात उडणार असाल तर कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणं) वापरण्याची सवय सगळ्यांना लावा. बाहेर २४-२५ अंश आणि हवा ओली असताना कमी पॉवरवर ओ-२०० च्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे कोल्हापूरच्या माणसाला खोटं वाटतं, पण धरतो.

पैशाचं एकच सांगतो. समजा ओव्हरहॉलला २० लाख लागतात (आकडा फक्त हिशेबापुरता). पूर्ण १,८०० तासांवर ते वाटले तर तासाला १,१०० रुपये बाजूला टाकावे लागतात. विकत घेताना इंजिनात ६०० च तास उरले असतील तर तासाला ३,३०० टाकावे लागतील. त्यामुळे ‘पाच लाख स्वस्त’ विमान बऱ्याचदा महाग पडतं. हा निधी पहिल्या तासापासून वेगळ्या खात्यात ठेवा आणि खजिनदार असा नेमा जो उडत नाही.

शिकवण्याबद्दल: खासगी वर्गात नोंदलेल्या विमानावर फी घेऊन शिकवता येत नाही, त्यासाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) प्रशिक्षण संस्था म्हणून मान्यता लागते, आणि ते प्रकरण मोठं आहे. पहिली दोन वर्षं परवानाधारकांचा क्लब चालवा, शिकणाऱ्यांनी मान्यताप्राप्त ठिकाणी शिकून यावं. विमान ‘व्हीटी’, म्हणजे भारतीय नोंदणीचं, देशात आधीपासून असलेलंच घ्या. परदेशातून जुनं आणायचं तर वयाच्या अटींपासून सुरुवात होते.

तेव्हा तुमच्या तीन पर्यायांतून मी सेसना १५० घेईन, ती वरच्या तपासणीत टिकली तर. नाही टिकली तर दुसरी १५० शोधेन, पुष्पककडे वळणार नाही. पुष्पकच्या मालकाशी संबंध मात्र ठेवा. क्लब पाच वर्षं चालला, दोन-तीन जण टेलव्हीलवर तयार झाले, एएमई मिळाला, तर दुसरं विमान म्हणून ते घ्या.

सेसनाचा इसार देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: विमानतळाकडून पार्किंग किंवा हँगरच्या जागेचं उत्तर, बी१.२ (पिस्टन विमानांच्या) परवान्याच्या एएमईचा होकार आणि विमा कंपनीचा दर. इसारपावतीत अट घाला की तपासणीत स्पार, सीट-रूळ किंवा कॉम्प्रेशनमध्ये दोष निघाला तर रक्कम परत, आणि एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (विमान उडण्यालायक असल्याचा दाखला) चालू करून देणं विक्रेत्याच्या खर्चानं. विमान कोल्हापूरला आणायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरात, सकाळी, त्या प्रकारावर हात बसलेल्या वैमानिकाकडून. तुमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसायचा हट्ट धरणारच. आधी त्याचं वजन करा.